शहाळं, मलई अन् नारळ: नेहमी येणारे प्रश्न

ऊन तापायला लागलं की शहाळ्याचे प्रश्न येऊ लागतात, आणि गणपती-नवरात्रात पूजेच्या नारळाचे. विदर्भात दोन्ही बाहेरून येतात. ट्रकमधून उतरलेला माल दिसतो, झाड दिसत नाही, म्हणून गोंधळ होणारच. प्रश्न शक्यतो आले तसेच ठेवले आहेत. एकाचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. शहाळं अन् नारळ वेगवेगळ्या झाडाचे असतात काय?

नाही. झाड एक, फळ एक, फरक वयाचा. नारळाला साधारण दर महिन्याला नवा फुलोरा येतो. त्यामुळे एकाच झाडावर वरून खाली पाहत गेलं की महिन्या-महिन्याच्या फरकाचे घड दिसतात. शेंड्याजवळ सुपारीएवढी बोंडं, त्याखाली हिरवी शहाळी आणि सगळ्यात खाली तपकिरी पडत चाललेले नारळ. फळ धरल्यापासून ६-७ महिन्यांनी उतरवलं तर शहाळं, ११-१२ महिने झाडावर राहू दिलं तर नारळ.

आधी आतल्या पोकळीत नुसतं पाणी असतं. पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास करवंटीला आतून पातळ, पारदर्शक मलई धरू लागते. ती देठाच्या उलट टोकाला आधी धरते. शहाळं उभं चिरून पाहा: एका टोकाला चमच्यात येईल एवढी मलई असते आणि तीन डोळ्यांच्या बाजूला नुसता ओलसर थर. पुढे हीच मलई घट्ट होऊन खोबरं होते, करवंटी टणक होते, वरचा काथ्या वाळतो.

२. पाणी कोणत्यात जास्त अन् गोड कोणतं?

दोन्ही बाबतींत शहाळं पुढे. ६ ते ८ महिन्यांच्या फळात पाणी भरपूर आणि गोडी चढलेली असते. त्याआधी उतरवलेल्या अगदी कोवळ्याचं पाणी पाणचट, थोडं तुरट लागतं. शहाळ्यात साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी निघतं. जात, झाडाला मिळालेलं पाणी आणि उतरवल्यानंतरचे दिवस यांवर ते कमी-जास्त होतं. नारळ जून होत जातो तसं पाणी आटतं, गोडी उतरते आणि किंचित खारट चव येते.

३. दुकानदार म्हणते, हालवून आवाज नाही आला तं चांगलं. नारळ घेताना तोच म्हणते, आवाज आला पाहिजे. खरं काय?

दोन्ही खरं आहे. चांगल्या शहाळ्यात पाणी काठोकाठ असतं, म्हणून ते खुळखुळत नाही. आवाज आला तर एक तर ते जून झालं आहे, नाही तर उतरवून बरेच दिवस झाल्यामुळे आतलं पाणी कमी झालं आहे. नारळात मात्र पाणी आटून हवेची पोकळी झालेलीच असते, तिथे आवाज हवाच. नारळ वाजलाच नाही तर त्याला तडा गेलेला असू शकतो किंवा आतलं पाणी पूर्ण सुकलेलं असतं.

आकारावर जाऊ नका. मोठ्या शहाळ्यात कधी कधी नुसतं बोंड, म्हणजे वरची साल अन् काथ्या, जाड असतं. दोन हातांत सारख्या आकाराची दोन शहाळी घ्या आणि जड असेल ते ठेवा. देठाजवळची टोपी हिरवी, घट्ट बसलेली असावी. ती काळी पडून सैल झाली असेल तर माल जुना आहे. नारळाचे तीन डोळे मात्र बोटाने दाबून पाहा. ओलसर किंवा बुरशी आलेला डोळा दिसला तर तो नारळ घेऊ नका.

४. पिवळं-केशरी शहाळं म्हणजे पिकलेलं काय?

नाही, ती जातच तशी आहे. चौघाट ऑरेंज ड्वार्फ ही केरळची बुटकी जात कोवळेपणापासूनच केशरी असते. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेने १९९१ मध्ये खास शहाळ्यासाठी तिची शिफारस केली. पाणी गोड असतं, फळ मध्यम. आपल्या हातगाडीवर मात्र बहुतेक वेळा कर्नाटक, आंध्र, तामिळनाडूकडचा हिरवा मालच दिसतो. रंग पाहून वय ओळखायला जाऊ नका, प्रश्न ३ मधल्या खुणा पाहा.

५. 'पानीवाला देऊ का मलाईवाला?' असं विचारते. काय सांगावं?

तहान लागली असेल तर पानीवाला. दुपारी काही खाल्लं नसेल, पोटाला आधार हवा असेल तर पतली मलाई. मलई खरवडून देताना शहाळ्याच्या सालीचाच काप चमच्यासारखा वापरतात. तो नुकताच कापलेला असावा, गाडीच्या खालचा उचललेला नको, एवढं नक्की पाहा.

मलई आणि खोबरं यांत फरक मोठा आहे. कोवळ्या मलईत बहुतांश पाणीच असतं, स्निग्धांश अगदी कमी, म्हणून ती पचायला हलकी. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला साधारण ३३ ग्रॅम स्निग्धांश आणि साडेतीनशे कॅलरी असतात. सुक्या खोबऱ्यात तर निम्म्याहून जास्त तेलच. आजारी माणसाला 'नारळ चांगला असतो' म्हणून खोबऱ्याचे तुकडे चघळायला देणारे भेटतात. त्यांच्या मनात शहाळं असतं, हातात नारळ.

६. शहाळं घरी ठेवलं तर पुढे नारळ बनेल काय? पेरलं तर उगवेल काय?

दोन्ही नाही. आंब्यासारखं हे फळ आढीत पिकत नाही. झाडावरून उतरवलं त्या दिवशी मलई जेवढी, तेवढीच. घरी ठेवल्याने फक्त पाणी कमी होतं आणि शेवटी ते नासतं. रोपासाठी ११-१२ महिन्यांचा पूर्ण जून नारळच लागतो.

७. आणल्यावर किती दिवस राहते?

इथे खरा हिशोब तुमच्या घरी आल्यानंतरच्या दिवसांचा नाही, उतरवल्यापासूनचा आहे. माल बागेतून तिथल्या बाजारात, तिथून ट्रकने नागपूर-अमरावतीला, मग तालुक्याला आणि मग तुमच्या आठवडी बाजारात येतो. कोकणातल्या माणसाने सांगितलेले दिवस आपल्याला लागू पडत नाहीत. विक्रेत्याला 'ताजं आहे का' विचारलं तर उत्तर ठरलेलंच. 'गाडी कधी उतरली' असं विचारा.

आख्खं, सालीसकट शहाळं सावलीत, ओल्या गोणपाटाखाली काही दिवस राहतं. एप्रिल-मेमध्ये ४४-४५ अंशांत कोरडी हवा बोंडातली ओल ओढून घेते, तेव्हा आणलं की २-३ दिवसांत संपवा. फ्रिजमध्ये जास्त टिकतं. झाडावरून दोरीने उतरवलेला माल टिकतो. खाली टाकलेल्याच्या करवंटीला आतून बारीक तडा जातो आणि तो वरून धड दिसत असतानाच आत आंबतो.

मॉलमध्ये मिळणारी पांढरीशुभ्र सोललेली, प्लास्टिक गुंडाळलेली शहाळी काळी पडू नयेत म्हणून संरक्षक द्रावणात बुडवलेली असतात. ती थंडाव्यात ठेवण्यासाठीच बनवलेली आहेत. दुकानाबाहेर उन्हात मांडलेली दिसली तर घेऊ नका. पाणी एकदा काढलं की लगेच प्यावं. फ्रिजमध्ये झाकून ठेवलं तर त्याच दिवशी संपवा.

८. पाणी गुलाबी निघालं. फेकू काय?

वास आणि चव चांगली असेल तर फेकायची गरज नाही. हवा लागल्यावर पाण्यातल्या नैसर्गिक विकरांमुळे रंग बदलतो, कापलेलं सफरचंद लाल पडतं त्याच कारणाने. पण शहाळं फोडताना फस्सकन आवाज आला, पाण्याला फेस, आंबट वास किंवा तार दिसली, मलईवर राखाडी-काळे डाग असले, तर घोटभरही पिऊ नका. 'थोडंच आंबट आहे, पोराला नको देऊ, मी पितो' हे तर नकोच.

डेन्मार्कमध्ये एक माणूस महिनाभर बाहेर राहिलेल्या, सोललेल्या नारळाचं पाणी थोडंसंच पिऊन दगावल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. आत वाढलेल्या बुरशीचं विष मेंदूवर गेलं होतं. असं क्वचितच होतं, पण ते पाणी उकळून किंवा मीठ टाकून सुधारत नाही.

९. वरून तपकिरी चट्टे आहेत, साल खरबरीत आहे. आत किडे असतील?

देठाजवळून सुरू होणारे त्रिकोणी तपकिरी चट्टे हे कोळी नावाच्या अतिसूक्ष्म किडीचं काम. ती टोपीखाली राहून कोवळ्या सालीतला रस शोषते. फळ लहान राहतं, साल तडकते, पण आतलं पाणी चांगलं असतं. भाव मात्र पाडून मागा.

१०. नारळ फोडल्यावर निघते ते पाणी अन् शहाळ्याचं पाणी सारखंच ना?

मूळ एकच, पण गोडी आणि प्रमाण कमी (प्रश्न २). नारळ ताजा असेल, वास स्वच्छ असेल तर प्यायला हरकत नाही. देवळातला तीर्थाचा तांब्या पाहा मात्र. सकाळपासून पाच-पंचवीस नारळांचं पाणी एकाच भांड्यात साचलेलं असतं, त्यातला एक जरी नासका निघाला तरी सगळं पाणी बिघडतं. तळहातावर घेऊन डोळ्यांना लावा, फारच वाटलं तर ओठांना. उन्हाळ्याच्या संध्याकाळी तेवढंच पुरे.

११. सावजी रश्शाला ओलं खोबरं चालेल काय? अन् शहाळ्याची मलई वाटणात?

मलई वाटणात काहीच करत नाही, तिला अंगच नसतं. आपल्या काळ्या मसाल्याला सुकं खोबरं लागतं. ते विस्तवावर किंवा तेलात काळपट होईस्तोवर भाजायचं, मग खसखशीसोबत वाटायचं. त्यातलं तेल सुटतं तेव्हा रश्शावर तर्री येते. ओल्या खोबऱ्याने रस्सा पांढुरका, गोडसर होतो. तोही छान लागतो, पण ती दुसरी भाजी झाली.

याच संदर्भात विचारलं जातं की गोटा आणि वाटी यांत फरक काय. जून नारळ फोडून, अर्धे करून वाळवले की वाटी. न फोडता महिनोन्महिने कोरड्या जागी ठेवला, आतलं पाणी आपोआप आटलं, खोबरं करवंटीपासून सुटलं, की गोटा. तो हलवला तर गडगडतो. कर्नाटकातलं तिपटूर गोट्यासाठी नावाजलेलं आहे. गोटा लवकर खवट होत नाही, म्हणून वर्षाचं साठवायचं तर तो घ्यावा.

१२. ऊन लागलं तर शहाळं पाजलं की झालं ना?

एवढ्यावर भागत नाही. घामातून मुख्यतः पाणी आणि मीठ जातं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. तेंदूपत्ता तोडायला गेलेला किंवा भर दुपारी डवरणी करून आलेला माणूस घामाने निथळत असेल, तर त्याला मीठ-साखरेचं पाणी जास्त उपयोगी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. किंवा ओआरएसची पुडी, पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. खिशाचाही विचार करा: एका शहाळ्याच्या पैशात आठवडाभराचं पन्हं होतं, आणि पन्ह्यात मीठ असतंच.

हगवण लागलेल्या मुलाला शहाळं वरून द्यायला हरकत नाही, पण ओआरएसच्या बदल्यात नको. आणि माणूस बरळत असेल, अंग तापलेलं असून घाम थांबला असेल, तर तोंडात काहीही ओतू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, १०८ ला फोन करा.

१३. बाबांना शुगर आहे. द्यावं की नाही?

शहाळ्याच्या १०० मिली पाण्यात साधारण ४-५ ग्रॅम साखर असते. म्हणजे पाऊण पेला-एक पेला प्यायलं तर दोन-तीन चमचे साखर. रसवंतीवरच्या उसाच्या रसापेक्षा खूप कमी, पण शून्य नाही. शुगर आटोक्यात असेल तर कधीतरी एक चालतं, जेवणासोबत नको. रोज प्यायचं असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारा. किडनीवर परिणाम झाला असेल तर प्रश्न १४ आधी वाचा.

१४. किडनीचा त्रास आहे, पण सगळे म्हणतात नारळपाणी किडनीला चांगलं.

हाच गैरसमज सगळ्यात महागात पडतो. किडनी धड असलेल्याला शहाळं चांगलं. किडनी थकलेली असेल तर रक्तात साचणारं पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एका शहाळ्यातून दीड-दोन केळ्यांइतकं पोटॅशियम पोटात जातं. डायलिसिसवर असलेल्या, क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाने डॉक्टरांनी होय म्हटल्याशिवाय पिऊ नये. बीपी आणि हृदयाच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात, म्हणून गोळ्यांची चिठ्ठी दाखवूनच विचारा. दवाखान्यात भेटायला जाताना पिशवीत शहाळी नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. रुग्ण कशाने भरती आहे ते आधी विचारून घ्या.

मुतखड्याची गोष्ट वेगळी. तिथे भरपूर पाणी पिणं हाच उपाय, त्यात शहाळंही आलं. फक्त किडनीचं काम नीट चालू आहे ना, ते तपासलेलं असावं.

१५. गरोदर बाईला, लहान बाळाला चालते?

गरोदरपणी ताजं शहाळं चालतं. त्याने बाळ गोरं होत नाही, एवढं सासूबाईंना सांगा. ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नको, शहाळंही नाही. त्यानंतर चमचा-दोन चमचे ताजं पाणी देता येतं. मलईचा मोठा तुकडा घशात अडकू शकतो, ती कुस्करून द्या.

१६. डेंग्यूत प्लेटलेट वाढतात म्हणे?

नाही वाढत. अंगात पाणी राहावं म्हणून डॉक्टर भरपूर पातळ पदार्थ घ्यायला सांगतात, शहाळं त्यातलं एक. त्या काळात गावात शहाळ्याचा भाव दुप्पट होतो तो याच समजुतीमुळे.

१७. कलशावर शहाळं ठेवलं तर चालेल काय?

रीत शेंडीच्या जून नारळाची आहे, आणि तिला व्यवहाराचीही बाजू आहे. नवरात्रात नारळ नऊ दिवस कलशावर राहतो. कोवळं शहाळं तेवढे दिवस टिकणार नाही, घरात वास सुटेल. तुमच्याकडे वेगळी चाल असेल तर घरच्या मोठ्यांना विचारा.

१८. पूजेचा नारळ नासका निघाला. अपशकुन आहे काय? अन् कोंब निघाला तं?

नासका निघण्याचं कारण डोळ्यातून किंवा तड्यातून आत गेलेली बुरशी. पावसाळ्यात दुकानातल्या ओल्या पोत्यात पडलेल्या मालात हे जास्त होतं. दुसरा नारळ फोडा.

कोंब निघाला तर नारळ जिवंत आहे. फोडला तर आत पाण्याच्या जागी पांढरा-पिवळसर, मऊ, गोड गोळा असतो. रोपट्याचं अन्न शोषून घेण्यासाठी तो वाढलेला असतो. वास चांगला असेल तर तो खातात, पोरांना फार आवडतो. बहुतेक घरी असा नारळ शुभ मानून परसात लावतात. लावणार असाल तर पुढचा प्रश्न पाहा.

१९. अंगणात झाड आहे. बोंडं गळतात, अन् राहिलेल्या नारळात पाणीच नाही. शेतात चार एकर लावावं म्हणतो.

अंगणातलं झाड आणि चार एकर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नारळाला दमट हवा आणि सम तापमान लागतं. आपल्याकडे मेमध्ये वरून आग आणि कोरडी झळ, डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी. न्हाणीच्या पाण्यावर, भिंतीच्या आडोशाला एखादं झाड छान येतं, कारण तिथे ओल कायम असते. उघड्या वावरात ती परिस्थिती नसते.

धरलेल्या बोंडांपैकी बरीचशी सगळीकडेच गळतात. पण सगळीच गळत असतील तर उन्हाळ्यातला पाण्याचा ताण हे पहिलं कारण. आळं मोठं करून त्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन द्या, पाण्यात खंड पडू देऊ नका. आत पाणी-खोबरं नसलेले वांझ नारळ परागीभवन नीट न झाल्याने, तसंच पालाश किंवा बोरॉनच्या कमतरतेने येतात. कोणीतरी सांगितलं म्हणून बुडाशी मीठ ओतण्यापेक्षा माती तपासून घ्या. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात सल्ला मिळतो.

हौस म्हणून लावायचं तर दोन झाडांत साडेसात मीटर अंतर ठेवा. पहिले दोन उन्हाळे रोपावर सावली करा. शहाळ्यासाठी बुटकी जात घ्या, ती ३-४ वर्षांत फळ धरते. बाणवलीसारख्या उंच जातीला ५-७ वर्षं थांबावं लागतं. चार एकर मात्र लावू नका. संत्र्याला तुमची जमीन, हवा ओळखीची आहे. नारळाला नाही.

२०. पिऊन झालेली टरफलं कुठे टाकावी?

उकिरड्यावर तशीच तोंड वर करून टाकू नका. पावसाचं पाणी साचलं की त्यात डेंग्यूच्या डासाच्या अळ्या होतात, आणि ग्रामपंचायतीची फवारणी तिथवर पोचत नाही. कुऱ्हाडीने दोन-चार फाके करा आणि पालथे वाळवा. हिरवं बोंड ओलं असताना पेटत नाही, नुसता धूर करतं. पूर्ण वाळलं की चुलीला चालतं. न जाळता संत्र्याच्या आळ्यात पालथे फाके पसरले तर ओल धरून ठेवतात. कुजायला वेळ लागतो, म्हणून खताच्या खड्ड्यात टाकायचे तर आणखी बारीक तोडा. हातगाडीवाल्याकडे रोजचा ढीग असतो. तो ट्रॅक्टरने फुकट न्यायला कोणी तयार असेल तर तो खुशीने देतो, त्याचीही उचलण्याची कटकट वाचते.